घराएवढा चेहरा

शुक्रवारी दुपारी बाराच्या आत केल्विन ट्रिझीजचा फोटो फ्रेमवाल्याच्या हातात पडायला हवा होता, आणि सकाळचे पावणेदहा वाजले तरी कुठला फोटो द्यायचा हेच ठरलं नव्हतं.

तसं म्हटलं तर ठरलं होतं. लॉन बोल्स म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ; त्या क्लबचा अध्यक्ष क्लॅरी पॉल्किंगहॉर्न याने ते परस्पर ठरवून टाकलं होतं. दर सप्टेंबरात, मोसमाच्या पहिल्या शनिवारी, हिवाळ्यात गेलेल्या आजीव सभासदांचे फोटो क्लबच्या भिंतीवर लागत. पांढरे कपडे, तोंड समोर, हातात गोळा किंवा चषक. यंदाच्या हिवाळ्याने एकट्या केल्विनला, सगळ्यांच्या केलला, नेलं होतं आणि क्लॅरीकडे त्याचा चषक धरलेला फोटो होता. सगळे म्हणाले, छान आहे. त्याची मुलगी मेरिनसुद्धा अॅडलेडहून फोनवर म्हणाली, छान आहे गं आई.

"असेल छान," वाल्मा म्हणाली. "पण मला दिसत नाही ना! न बघता हो कशी म्हणू? एक्कावन्न वर्षं त्या माणसाशी संसार केलाय. भिंतीवर कुठला टांगायचा ते मी ठरवणार."

वाल्माच्या दोन्ही डोळ्यांत ऐन मध्यावर धुरकट डाग होता. कडेचं दिसे, मधलं नाही. ज्याच्याकडे बघावं त्याचंच तोंड पुसलं जाई. त्यामुळे कुणाचा चेहरा बघायचा असला की ती त्याच्या कानाच्या पलीकडे नजर लावी. चार वर्षं हे असंच चाललं होतं. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात ती तासन्‌तास केलशेजारच्या सलाइनच्या दांड्याकडे बघत बसायची. एका नर्सने मेरिनला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "ह्यांचं भांडण झालंय का?" मेरिनने मान हलवून नाही म्हटलं होतं.

क्लॅरीकडचा फोटो टीव्हीवर लावून झाला होता. वाल्मा काचेला नाक टेकवून उभी राहिली आणि केलचा एक कान पाहून परत आली.

म्हणून मेरिन गुरुवारी संध्याकाळी कचेरीतला हेडसेट घेऊन गावी आली. लोकांना स्वयंपाकघरं विकणं हा तिचा धंदा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि अजून न बांधलेल्या ओट्यापासून न आणलेल्या फ्रिजपर्यंत त्याला फिरवून आणायचं. त्यातच कॉम्प्युटरचा सगळा पडदा बिनतारी आत आणता येतो आणि हवा तेवढा ताणता येतो, भिंतीएवढा, घराएवढा, हे तिने ऐकलं होतं. करून कधी पाहिलं नव्हतं.

केलचा कॉम्प्युटर मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. तीस वर्षं तो क्लबचा फोटोग्राफर होता. त्यात चाळीस हजार फोटो होते, जुने स्कॅन करून घातलेले. कॉम्प्युटर घरात उचलून आणायची सोय नव्हती, कारण केलने तो कामाच्या मेजात स्क्रू मारून पक्का बसवला होता. मागून अकरा वायरी निघत. प्रत्येकीवर त्याच्या हाताची चिठ्ठी होती. एकीवर "हिला नाही", दुसरीवर "हिला तर मुळीच नाही".

तेव्हा मेरिनने आईलाच शेडमध्ये नेलं, केलच्या स्टुलावर बसवलं, हेडसेट चढवला आणि बटण दाबलं.

"काय दिसतंय?"

"एक चाक फिरतंय."

"थांब जरा."

थांबल्या. चाक फिरत राहिलं. मेरिनने हेडसेट बंद केला, चालू केला. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. चाक काही फिरायचं थांबेना. पंधरा मिनिटांनी दारात शेजारची ग्लेनिस उभी राहिली. तिच्या डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा उलटा घातलेला होता आणि डब्याच्या मागच्या बाजूला मार्करने दोन मोठे डोळे काढलेले होते. वसंतातले मॅगपाय पक्षी पिल्लांच्या काळजीने माणसांच्या डोक्यावर झडप घालतात, पण डोळे रोखलेले दिसले की बिचकतात, असा गावातल्या निम्म्या लोकांचा विश्वास होता. उरलेले निम्मे हेल्मेट घालत.

"काय चाललंय मायलेकींचं?"

"बाबांचा कॉम्प्युटर बिनतारी आईच्या डोळ्यांपुढे आणतेय, ग्लेनिसमावशी."

"पत्र्याच्या डब्यात बसून?" ग्लेनिसने भिंतीवर बोटांनी टकटक केलं. "अगं, इथे आत फोनसुद्धा लागत नाही. म्हणून तर तो इथे येऊन बसायचा!"

मेरिन कानापर्यंत लाल झाली. अर्ध्या अॅडलेडला ती घरातलं वाय-फाय समजावून सांगत आली होती. आणि बापाच्या शेडची चारी अंगं, छप्पर आणि दार पत्र्याचं आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. लहानपणापासून पाहिलेल्या वस्तूची हीच तऱ्हा.

कॉम्प्युटरला मात्र अडचण नव्हती. घरातल्या राउटरपासून शेडपर्यंत केलने जमिनीखालून एक वायर ओढून घेतली होती. तेव्हा राउटरशेजारी, दिवाणखान्यात, वाल्मा बसली की काम होण्यासारखं होतं. तिला तिथे बसवलं. चाक फिरलं, थांबलं, आणि वाल्माने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"अगंबाई! हे केवढं गं! हे आपल्या घरात मावलं कसं?"

हेडसेटबरोबरची दोन दांडकी मेरिनने तिच्या हातात दिली. त्यांतून बॅटरीच्या झोतासारखा किरण निघे आणि तो लागेल ते उघडे. वाल्माने दोन मिनिटांत केलचं आयकराचं कागदपत्र, हवामानाचा नकाशा आणि पत्त्यांचा डाव उघडला, नि पत्त्यांचा डाव काही बंद होईना. तिला काय दिसतंय ते मेरिनला बाहेरून दिसत नव्हतं. शेवटी दांडकी काढून घेतली. माउस मेरिनच चालवणार होती, आणि माउस होता शेडमध्ये, जिथे फोन लागत नाही.

"मधे कुणीतरी उभं राहायला हवं," मेरिन म्हणाली, आणि दोघींनी ग्लेनिसकडे पाहिलं. म्हणजे मेरिनने पाहिलं. वाल्माने छताकडे पाहिलं, कारण तिच्यासमोर तेव्हा फक्त चौकटचा राजा होता, दोन मजली.

असं ते बिनतारी दळणवळण जमलं. अंगणाच्या मधोमध कपडे वाळत घालायची फिरती छत्री होती, तिच्या दांड्याला धरून ग्लेनिस उभी राहिली, डोक्यावर डबा. दिवाणखान्याची खिडकी उघडी, शेडचं दार उघडं.

"दहा बावीस!" आतून वाल्मा ओरडली.

"वाल्मा म्हणते दहा बावीस!" ग्लेनिस ओरडली.

"मला माहितीये!" मेरिन शेडमधून ओरडली.

"तिला माहितीये म्हणते!"

"तिला असेल माहीत! मला नव्हतं! चार वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः घड्याळ वाचलंय! कोपऱ्यात आहे! दहा बावीस! आता तेवीस झाले!"

माउसवरचा हात मेरिनने क्षणभर उचलला आणि मांडीला पुसला. मग तिने क्लॅरीकडचा, चषकाचा फोटो उघडला.

खिडकीतून आधी खुर्ची करकरल्याचा आवाज आला. मग हसू आलं, आणि ते थांबेचना.

"काय झालं?" मेरिन ओरडली.

"वाल्मा म्हणते," ग्लेनिसला धाप लागली होती, "त्याने पोट आत ओढलंय! श्वास धरलाय! म्हणते, अजून एक सेकंद गेला असता तर तो जांभळा पडला असता! म्हणते, पुढचा!"

पुढच्यात केलच्या हातात गोळा होता. वाल्मा म्हणाली, बूट चावताहेत त्याला. त्याच्या पुढच्यात टोपी नवी होती आणि टोपी सोडून केल कुठेच नव्हता. एकात तो हसत होता, पण वाल्माच्या मते ते हसू दंतवैद्याला दाखवायचं होतं. सगळ्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचे स्वतःचे फोटो असणार किती? मेरिनला अकरा सापडले. पावणेअकरा वाजता अकरावाही बाद झाला.

"तिला विचार, मग चषकाचाच देऊ का!"

पण ग्लेनिसने काही विचारलं नाही. तिच्यावर मॅगपाय आला होता. डब्यावरच्या डोळ्यांची त्याने पर्वा केली नाही. ग्लेनिस दांड्याभोवती फिरत होती, तिच्याबरोबर छत्री फिरत होती, छत्रीवर वाल्माच्या तीन चादरी फिरत होत्या, आणि तिच्या तोंडून जे शब्द निघत होते ते कुणाला पोचवायचे नव्हते.

दळणवळण तुटलं. मेरिनला एकदम सुचलं. तिने लिहायचं एक कोरं पान उघडलं, अक्षरं मावतील तेवढी मोठी केली आणि टंकलं: आई, मी मेरिन. वाचता येतंय का?

"येतंय!" खिडकीतून आवाज आला, थेट, मध्यस्थाशिवाय. वाल्माने एवढ्या जोरात ओरडायला हवं होतं असं नाही, पण ती ओरडली. "आई मी मेरिन वाचता येतंय का! प्रश्नचिन्ह! सगळं येतंय! आणखी लिही!"

मेरिन हसायला लागली. तिने लिहिलं: ग्लेनिसमावशीवर पक्षी आलाय.

"तिला म्हणावं डबा फिरवून घाल!"

मेरिनने लिहिलं: तुझी दाढ कशी आहे? वाल्माने ओरडून सांगितलं, बरी आहे. मेरिनने लिहिलं: काल रात्रीची बटाटा-मटणाची पेस्टी खारट होती. वाल्माने ओरडून सांगितलं, तू केली होतीस. मेरिनची बोटं आपोआप चालत होती. समोर बापाने सोडलेला चष्मा होता, बापाच्या पेन्सिली, आणि मेजाच्या कडेला त्याच्या कोपराने घासून गुळगुळीत झालेली जागा. तिने लिहिलं: मला बाबांची फार आठवण येते. लिहिलेलं वाचलं आणि लगेच एकेक अक्षर खोडून टाकलं. मग नवीन ओळीसाठी बोट उचललं तेव्हा तिला कळलं की आपण जे लिहितो आणि जे खोडतो, ते सगळं त्या खोलीत घराएवढं उमटतंय.

मग वाल्मा काहीतरी बोलली, हळू.

"वाल्मा म्हणते, मलाही!" ग्लेनिस पुन्हा कामावर रुजू झाली होती, एका हाताने डबा घट्ट धरून. "काय मलाही? चहा का गं? टाकू का?"

"टाक!" मेरिन म्हणाली. तिला दोनदा म्हणावं लागलं.

मग वाल्माने हुकूम सोडला: त्याने काढलेले फोटो दाखव. मेरिनने लिहिलं: त्यांत बाबा नाहीत. "नसू देत," वाल्मा म्हणाली, "मला माणसं बघायचीत. चार वर्षं मी नुसते कान बघतेय."

आणि तिने माणसं पाहिली. केस असतानाचा क्लॅरी पाहिला आणि ते खरे आहेत का ते बघायला दोनदा मोठे करून घेतले. पाद्रीबाबांना हिरवळीवर पालथे पडून गोळ्यांमधलं अंतर मोजताना पाहिलं. फोटोमागून फोटो, तिचा आवाज चढतच गेला. ग्लेनिस आता चहाचा कप घेऊन दांड्याशी उभी होती.

"थांब! हा मोठा कर! ग्लेनिसचा गळा मोठा कर!"

"वाल्मा म्हणते माझा गळा मोठा कर! कशाला गं?"

"ती माझी मोत्यांची माळ आहे! नव्व्याण्णव साली हरवलेली!"

ग्लेनिस काहीच ओरडली नाही.

"काय म्हणाली आई?" मेरिनने विचारलं.

"काही नाही. पुढचा म्हणाली."

"मी पुढचा म्हटलं नाही! ग्लेनिस! माळ!"

"अगं, तू मला दिली होतीस ती, वाल्मा!"

"उसनी!"

"मग मागायची होतीस! मी काय पळून गेले होते? तीन फुटांच्या कुंपणापलीकडे राहते मी!"

सव्वाअकराला क्लॅरी आला. सायकलच्या हेल्मेटमधून प्लॅस्टिकच्या पट्ट्या काट्यांसारख्या उभ्या केलेल्या, हातात चषकाचा फोटो घातलेलं पाकीट. ग्लेनिसला ओलांडून तो मागच्या दाराने आत गेला आणि दिवाणखान्यात थबकला. तोंडावर काळा डबा बांधलेली वाल्मा छताच्या कोपऱ्याशी बोलत होती.

"वाल्मा, मी क्लॅरी. हे बघ, वेळ होत चाललाय."

"गप रे. मी तुलाच बघतेय. तू चौऱ्याण्णव सालात आहेस आणि पॅटिस खात खात माझ्या चहाच्या खोलीत डोकावतोयस. सॉस लागलाय हनुवटीला."

शेडमध्ये मेरिनसमोर तो फोटो होता. क्लबची चहाची खोली, मेजावर केक, दारात क्लॅरी, आणि मधे वाल्मा, पंचेचाळिशीची, हातात किटली, फोटो काढणाऱ्याला काहीतरी खरमरीत ऐकवताना अर्ध्यातच हसू फुटलेली. मेरिनने तो पूर्वी पाहिला होता. चांगला होता. ती पुढे जाणार तोच खिडकीतून किंकाळी आली.

"हलवू नकोस! डावीकडे! पिंप! चहाचं पिंप मोठं कर!"

"पिंप!" ग्लेनिस.

मेरिनने स्टीलच्या, आरशासारख्या चकचकीत पिंपावर माउस नेला आणि चाक फिरवलं. "अजून!" "अजून म्हणते!" पिंपाने पडदा भरला. "अजून!" नळ पडद्याच्या खाली गेला. मग खिडकीतून काहीच येईना.

"काही बोलत नाहीये गं," ग्लेनिस म्हणाली, न ओरडता, आणि मेरिन उठून धावली.

वाल्मा खुर्चीत मान वर करून बसली होती. मान किंचित तिरकी. ओठ उघडे. क्लॅरी हेल्मेट छातीशी धरून उभा होता, जसं चर्चमध्ये टोपी धरून उभे राहतात तसं.

"हा बघ," वाल्मा म्हणाली. क्लॅरीला नव्हे, मेरिनला नव्हे. "हा बघ कुठे उभा आहेस. जीभ बाहेर काढून."

"आई, काय दिसतंय?"

"तुझा बाप. पिंपात आहे. पांढऱ्या कपड्यांत. कॅमेऱ्याने एक डोळा झाकलाय, दुसरा मिटलाय आणि जिभेचं टोक बाहेर. फोटो काढताना काढायचा ना? पोट फुगलंय मस्त. पिंपामुळे जरा जास्तच. आणि हसतोय, मेरिन. मी त्याला झापतेय आणि हा हसतोय." तिने मान आणखी तिरकी केली. "त्याच्या नाकावरचा तो डाग मी विसरले होते."

मेरिन आईच्या खुर्चीच्या हातावर बसली. तिला काहीच दिसत नव्हतं, काळ्या डब्याची पाठ तेवढी दिसत होती, आणि तरी ती बघत राहिली.

"हाच," वाल्मा म्हणाली. "हाच भिंतीवर जाणार. पूर्ण फोटो."

क्लॅरीने घसा साफ केला. "वाल्मा, ऐक. भिंत आजीव सभासदांची आहे. हा तुझा फोटो आहे. चहाच्या खोलीतल्या बायका भिंतीवर... म्हणजे तसा रिवाज नाही. आणि केल पिंपात आहे म्हणतेस, तो कुणाला दिसणार?"

वाल्माने हेडसेट काढला, अंदाजाने आवाजाच्या दिशेने धरला. "घाल."

"मला चष्मा आहे."

"घाल म्हणते ना!"

त्याने घातला. आणि क्लॅरी पॉल्किंगहॉर्न, वय अठ्ठ्याहत्तर, दोन पावलं मागे सरला आणि खिडकीच्या पडद्याला धरून कसाबसा उभा राहिला. "अरे देवा! हा केवढा आहे! वाल्मा, ह्याच्या नाकपुडीत माझी गाडी उभी राहील!"

"पांढरे कपडे?"

"पांढरे."

"तोंड समोर?"

"समोरच." क्लॅरीची मान वर होती आणि आवाज बदलला होता. "असाच उभा राहायचा बघ हा. शंभरदा मला म्हणाला असेल, क्लॅरी, पोट सोड." मग त्याने हात पुढे करून हवेत चाचपलं. "हातात गोळा नाहीये," शेवटी तो म्हणाला, पण ते सांगण्यात जोर नव्हता.

"पिंप गोळाच आहे," दारातून ग्लेनिस म्हणाली.

बारा वाजायला पंचवीस मिनिटं असताना क्लॅरी पाकिटात चषकाच्या फोटोच्या जागी नव्या फोटोचा पेनड्राइव्ह घालून निघाला, हेल्मेट उलटं घालून. गाडी शेजारच्या गावाच्या दिशेने गेली ती कुंपणाला जवळजवळ घासूनच. स्वयंपाकघरात चहाची दुसरी फेरी झाली. ग्लेनिस घरी जाऊन माळ घेऊन आली, मेजावर ठेवली आणि म्हणाली, एक मोती मी बदललाय, कुठला ते ओळखून दाखव. वाल्मा म्हणाली, तो काळा डबा दे इकडे, आत्ता ओळखते. तिघी हसत होत्या तोच फोन वाजला. बाराला पाच कमी होते.

मेरिनने उचलला. फ्रेमवाला होता.

"हा आत्ता आलेला फोटो छापून काढलाय," तो म्हणाला, "कैलासवासी बाईंच्या नावाची पट्टी कशी करायची? पाकिटावर केल्विन लिहिलंय. आणि दारात तो पॅटिस खाणारा माणूस आहे, तो कापून टाकू ना? डावीकडचं पिंपही काढतो, म्हणजे बाई मधोमध येतील."

मेरिनने तोंडावर हात धरला आणि फोन आईकडे दिला.

"त्या बाई मीच आहे," वाल्मा म्हणाली, "आणि मी जिवंत आहे, चहा पितेय. ऐक. काही कापायचं नाही. पॅटिस खाणाराही असू दे, अध्यक्ष आहे तो. पिंपाला तर हातच लावू नकोस... का म्हणजे? माझा नवरा आहे त्यात."

वाल्माने कप खाली ठेवला.

"नळ दिसतोय? त्याच्या वर. थोडा डावीकडे. भिंग असेल तुझ्याकडे, ते घे. घाई करू नकोस, मी आहे."

मेरिन फोनला कान लावून आईशेजारी वाकली. दुकानातलं घड्याळ, खण उघडल्याचा आवाज, कागद सरकल्याचा. मग बराच वेळ फक्त त्या माणसाचा श्वास.

"हां," फ्रेमवाला म्हणाला, आणि हसला. "दिसले."